जू की दांडी?

हे ऐकून कोणी खरं मानणार नाही, गड्यांनो, अन् मानूही नका. माझी, या उकंडराव आबाची, गोष्ट आपल्या बीबी गावात आजवर एकाच माणसानं खरी मानली, अन् तो दोन्ही कानांनी बहिरा होता. पण जालन्याची एसटी यायला अजून वेळ आहे, चहाही उकळतोच आहे, तर ऐका आबाच्या नातवाची, कुलदीपची गोष्ट. पोरगं घरचंच, म्हणून त्याच्या पोटातलंही आबाला ठाऊक!

गावामागच्या माळावर प्रेमानंद जिनिंगवाल्यांनी हौसेखातर दोन विमानं ठेवलीत. दोन माणसांपुरतीच, अन् हलकी इतकी, की वासरानं ढुसणी दिली तर थेट जालन्यात पोचावीत. एका विमानात वैमानिकाच्या गुडघ्यांमध्ये उभी दांडी असते. दुसऱ्यात दोन्ही बैठकांसमोर एकेक अर्धं चाक असतं. दोन्ही चाकं आतून जोडलेली, एक फिरलं की दुसरंही फिरतं. ही दोन्ही विमानं उडवायची, ही कुलदीपची नोकरी.

त्या सकाळी तो दांडीवालं विमान खाली आणत होता. तुरी पिवळ्या फुलल्या होत्या, ऊन कोवळं होतं... अन् धावपट्टीच्या मधोमध एक पोरगी! हलत नाही, पळत नाही, मान वर करून टकामका बघतेय. कुलदीपनं दांडी ओढली अन् विमान तिच्या डोक्यावरून गेलं. इतकं खालून, की तिच्या वेणीतली शेवंती विमानाच्या खालच्या चाकात अडकली अन् चिखलीच्या बाजारात एका माळणीच्या टोपलीत जाऊन पडली. माळणीनं ती पुन्हा विकली म्हणतात.

घिरटी घेऊन कुलदीप उतरला, तो तणतणतच.

"ओ मॅडम! थितं काऊन उभ्या होत्या? जिवाले कंटाळल्या होत्या का?"

"मी नाही, तुम्हीच कंटाळलेले दिसताय." ती हसली. "आत्ता तुम्ही काय ओढलं? दांडी की चाक?"

जीव वाचला, त्याचं काही नाही. विचारलं काय, तर हे! कुलदीप रागवायचंच विसरला.

"दांडी," तो म्हणाला.

"हाताला काय वाटलं?"

कुलदीपनं हाताकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत असं त्याला कोणी विचारलंच नव्हतं.

तिचं नाव अनुपमा. चिखलीची पोरगी, बेंगळुरूला छोटी विमानं बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर. नव्या विमानात दांडी ठेवायची की चाक, यावर कंपनीत भांडणं लागलेली. म्हणून ही वैमानिकांची मतं विचारत फिरत होती. बीबीला मामाकडे उतरली होती. इथलं मत घेतलं, की हिंडणं संपलं.

"दांडीच बरी," कुलदीप छाती काढून म्हणाला. "दोन बोटांत इमान येते. वारा कुठून ढकलून राह्यला, थे तळहाताले समजते. चाक म्हंजे एसटी हाकनं."

"झालं तर मग." तिनं मोबाइल पर्समध्ये टाकला. "उद्याच निघते."

उद्या? कुलदीपनं घाईघाईनं तिच्या मामाच्या घरचा फोन नंबर तेवढा मागून घेतला.

सकाळी मामाच्या घरी त्याचा फोन. "मत बदललं माझं. चाकच बरं. मांडी मोकळी राह्यते, डबा ठेवता येते."

ती मामाची स्कूटी घेऊन माळावर आली. चाकवाल्या विमानात बसून बघितलं, प्रश्न विचारले. खरंच डबा मांडीवर ठेवून पाहिला. डब्यात भाकरी, वांग्याची भाजी अन् ठेचा होता, तो दोघांनी खाल्ला. ठेच्यानं तिच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी चौथा घास घेतलाच तिनं.

दुसऱ्या दिवशी फोन. "चाकानं समोरच्या मीटरचे काटे झाकून जातात. दांडीच."

त्यानंतर— "दांडीवाल्यात साडीवाली बाई बसन कशी? चाक."

"इतर वैमानिकांनी एकेका वाक्यात उत्तर दिलं," अनुपमा विमानाच्या पंखाखाली सावलीला बसून म्हणाली. "तुमचं मत काय कापसाचा भाव आहे, रोज बदलायला?"

"विचार करून राह्यलो. घाईचं काम हाय का हे?"

"मला मात्र घाई आहे. परवा जायचंय."

कुलदीपनं चाकवाल्या विमानाचं दार उघडलं. मग हळूच— "एक डाव वर येता? चाक धरून पाहा. तुमचंबी मत पाह्यजे ना..."

ती शेजारी बसली. माळ खाली सरकला, बीबीची घरं काडेपेटीएवढी झाली, अन् पुढं लोणारचं तळं आलं, हिरवंगार, गोल. तिनं समोरचं चाक भीत भीत धरलं. तिनं वळवलं तर त्याचं वळे, त्यानं वळवलं तर तिचं. कोणाचा हात कोणाला ओढतोय, कळेना.

"या चाकाला योक का म्हणतात, माहीत आहे?" तिनं विचारलं.

"आमी रोजच म्हनतो. नावच हाय त्याचं."

"योक म्हणजे जू. बैलांच्या मानेवरचं."

कुलदीप तिच्याकडे बघतच राहिला. शेतकऱ्याचं पोर, जू खांद्यावर वाहिलेलं, अन् विमानातलं जू त्याला कधी दिसलंच नव्हतं!

"जू?" तो म्हणाला. "मंग तं... एका बैलाले कोनी जू लावत नाई."

इंजिनाचा आवाज होता, तरी तिला ऐकू गेलं. कानाची पाळी लाल झाली, त्यावरून कळलं.

"सांगून टाका कंपनीले," तो समोर बघत म्हणाला. "दांडी एकट्याची. जू दोघांचं. हे शेवटचं मत. आता नाई बदलनार."

अन् बोलून बसल्यावर पोराच्या ध्यानात आलं... मत पक्कं झालं, म्हणजे तिला थांबवायचं कारणही संपलं.

  तिनं चाकावरचा हात काढला नाही, एवढंच.

अन् तो बघा कुलदीप, आज सकाळपासून या टपरीच्या बाकड्यावर मान खाली घालून बसलाय, चहा निवतोय. तिची बॅगही तिथं, रस्त्याच्या कडेला. पण घाबरायचं कारण नाही, गड्यांनो! कारण त्या दिवशी, आबाची शपथ, कुलदीपनं विमान तळ्याभोवती फिरवलं. एक फेरा, दोन, तीन... पुरे सात! खाली देवळातल्या घंटा आपोआप वाजल्या, वरून बगळ्यांनी अक्षता टाकल्या. सात फेरे झाले, म्हणजे लग्न लागलंच की! आता ही एसटीत चढते कशी—

"आबा, खोटं!"

बॅगेपाशी उभी अनुपमा ओरडली. बेंगळुरूची भाषा कुठच्या कुठं गेली होती.

"सात कुठले? एकच फेरा झाला होता! सहा राह्यले अजून... अन् थे मी जमिनीवर घेईन!"