चकवा-बैठक

शुभ्रा वस्तीत श्वास जड व्हायला लागले होते. चंद्रावरची धूळ काचेच्या कुसळांसारखी बारीक आणि टोकदार. हवा गाळणाऱ्या जाळ्यांत ती एकदा रुतली की झटकून निघत नसे. जाळ्या संपत आल्या होत्या आणि पृथ्वीवरून नव्या यायला अजून बराच अवकाश होता. अभियंत्यांची डोकी थकली, तेव्हा मेंदूतज्ज्ञ डॉ. अंबरीष चौबळांनी चकवा-बैठक बोलावली.

रानात माणसाची वाट चुकवतो तो चकवा. चौबळांच्या पद्धतीत वाट मुद्दाम चुकायची असे. एकाच प्रश्नावर घोटाळून विचारांना चाकोरी पडते. म्हणून गटाने प्रश्न बाजूला ठेवायचा, कुणा एकाच्या कल्पनेमागे भलतीकडेच भटकायचं आणि तिथे जे दिसेल ते परत आणून प्रश्नाला लावून पाहायचं. एवढं माणसं पूर्वीही करत. आता डोक्यावर चढवलेल्या टोपीमुळे एकाच्या मनातलं चित्र सगळ्यांना दिसे.

या वेळी वाट दाखवायला त्यांनी वस्तीतली परिचारिका शर्वरी घरत हिला बसवलं.

"मला यंत्रातलं काही कळत नाही, डॉक्टर."

"म्हणूनच तुम्ही हव्यात. यंत्र विसरा. जिथे जीव रमतो तिथे चला."

शर्वरीने डोळे मिटले.

उरणच्या घरातली मोरी. सहा वर्षांचा मिहीर, अंगभर साबणाचा फेस, हनुवटीला फेसाचीच दाढी. खेळून आलेल्या पायांची माती उतरून फेस राखाडी होत चाललेला. "आई, मी म्हातारा झालो!" म्हणून तो हसला.

तापाने मिहीर गेला त्याला चार वर्षं झाली होती. त्या हसण्यापाशी शर्वरी रोज एकदा तरी जाऊन येई. आज ते सगळ्यांनी पाहिलं.

मग जयसिंग तांबट हा अभियंता ओरडला, "फेस! हवा जाळीतून कशाला, फेसातून सोडू या! बुडबुडे धूळ धरतील, मळलेला फेस वाहून जाईल, मागून नवा येईल. धूळ रुतायला जाळीच नको!"

सगळे ताडकन उभे राहिले. शर्वरीला रडता रडता हसू आलं. फेसाची टाकी उभी राहिली आणि वस्ती वाचली.

काही आठवड्यांनी शर्वरी चौबळांकडे आली.

"मिहीर दिसत नाही हो मला."

"म्हणजे?"

"आठवायला जाते. मोरी येते, फेस येतो, आणि तो फेस टाकीत शिरतो. नळ्या, झडपा, तांबटांचं ओरडणं. त्याचं तोंड येतच नाही."

चौबळ म्हणाले, "मेंदूत दोन गोष्टी एकदम पेटल्या की त्यांच्यामध्ये वाट पडते. आनंद मोठा असला तर फारच रुंद पडते. तुमचं मन आता त्या उतारावरून थेट टाकीकडे घसरतं."

"मग बुजवा ती वाट."

"बुजवता येईल. पण तिचं एक टोक मिहीरच आहे. तोही जाईल."

"हे तुम्हाला आधी माहीत होतं?"

"शंका होती. बोललो नाही. लोक गुदमरत होते."

त्या गुदमरणाऱ्या लोकांची नाडी शर्वरीनेच तपासली होती. ती म्हणाली, "सांगितलं असतंत तरी मी बसलेच असते, डॉक्टर. पण आधी त्याला नीट बघून घेतलं असतं."

दारापाशी ती थांबली. "आणि बाकीच्यांना?"

"त्यांचं उलट होत असणार. टाकी पाहिली की त्यांना मिहीर दिसत असेल."

ती तशीच टाकीच्या दालनात गेली. तांबट झडप आवळत होता.

"तांबट, तो दिसतो तुम्हाला?"

त्याने हातातला पाना खाली ठेवला. "रोज. तुम्हाला कसं सांगावं तेच कळेना."

"आत्ता?"

"आत्ताही."

"मग सांगा ना. हसताना कसा दिसतो?"

तांबट फेसाकडे पाहत राहिला. "डावा डोळा आधी मिटतो. मान इतकी मागे टाकतो की दाढी निसटते. पुढचा एक दात पडलाय, तिथून जीभ डोकावते."

दुसऱ्या कुणाच्या मुलाची हकीकत ऐकावी तशी शर्वरी लक्ष देऊन ऐकत होती.

"त्याचा दात पडला होता?" तिने विचारलं.

"हो ताई," तांबट म्हणाला. "पडला होता."