पाणकावळ्यांच्या बेटावरची माती

पेरूच्या किनाऱ्यावरच्या पिस्कोहून पिण्याच्या पाण्याची पिंपं घेऊन होडी आली, तेव्हा तिच्यातून नेलिदा उतरली. दरवर्षी आमच्या बेटावर पाणकावळ्यांची गणती करायला यायची ती. मी इथला पहारेकरी. पक्ष्यांना कुणी त्रास देऊ नये, त्यांच्या शिटेचं खत कुणी चोरू नये, एवढंच माझं काम. पण त्या वर्षी बर्ड फ्लूनं सगळी वसाहत आडवी केली होती. पिल्लं आईच्या पंखाखालीच गार पडलेली.

"पुरूया यांना, काका," ती म्हणाली. "सहा वर्षं मोजतेय मी यांना..."

दुपारी धुकं उतरलं. आम्ही टेकाडावर खणायला लागलो. कंबरभर खाली कुदळ कशात तरी रुतली. हातांनी खत बाजूला सारलं, तर माणूस. अख्खा. कोरड्या खतानं त्याला कुजूच दिलं नव्हतं. पाठीवर लांब वेणी, ओठांवर पिवळी धूळ.

"चिनी मजूर," मी म्हणालो. "दीडशे वर्षांपूर्वी फसवून आणायचे यांना, खत खणायला. मेला की तिथंच लोटायचे."

"याचं नाव काय असेल?"

"कुणी विचारलंच नसेल, पोरी."

तिनं गळ्यातला रुमाल सोडून त्याच्या तोंडावर घातला. आम्ही माती लोटली आणि खोपटात परतलो. पक्षी तसेच उघड्यावर राहिले.

चहा ओतत होतो. टेकाडावरून कुदळीचा आवाज आला. खप्प... खप्प...

"अजून कुणी आहे बेटावर?"

"आपण दोघंच."

आवाज थांबेना. मी दाराला कडी घातली. नेलिदा मात्र उठली. "दमला असेल तो, काका..."

आम्ही वर पोचलो तेव्हा आवाज बंद झाला होता. धुक्यात जिकडंतिकडं मातीचे लहान लहान उंचवटे, ओळीनं. एकही पक्षी उघड्यावर नव्हता. नेलिदा रडत रडत उंचवटे मोजत चालली. मी धावत त्या मजुराच्या जागेकडे गेलो. आमची माती जशीच्या तशी होती.

"काका..."

ती शेवटच्या ओळीपाशी उभी होती. तिथं एक खड्डा उघडाच होता. माणसाच्या लांबीचा. तळाशी पिसांचं अंथरूण घातलेलं, कुणी झोपून उठल्यासारखं मधोमध दबलेलं.

नेलिदानं वाकून हात लावला.

"ऊब आहे अजून," ती म्हणाली.