तोंड प्रवाहाकडे

गळाला लावायला डबाबंद मांसाचे चौकोनी तुकडे करायचं काम क्लाइव्हचं आणि ते कसे करावेत हे सांगायचं काम नेव्हिलचं. दोघे भाऊ शाळकरी वयापासून इंग्लंडातल्या सेव्हर्न नदीवर मासे धरत आले होते आणि तेव्हापासून ही वाटणी ठरलेली होती. त्या दुपारीही क्लाइव्ह स्वयंपाकघरात सुरी चालवत होता आणि नेव्हिल पाय पसरून खुर्चीत बसला होता.

"एवढाले तुकडे? मासा धरायचाय की त्याला जेवायला बोलावलंयस?"

"मग ये, तूच काप."

"मी देखरेख करतोय. त्यालाही माणूस लागतो."

नेव्हिल थोरला. बायको गेल्यावर काही वर्षं तो एकटाच राहिला. मग गेल्या हिवाळ्यात त्याचं हृदय कुरकुर करायला लागलं, तेव्हा क्लाइव्हने त्याला किडरमिन्स्टरला आपल्या घरी आणलं. क्लाइव्हने लग्न केलं नव्हतं. कुणी विचारलं असतं तर त्याने ते हसण्यावारी नेलं असतं, पण खरं सांगायचं तर नेव्हिल हाच त्याचा संसार होता. सकाळी वरच्या खोलीतून खोकल्याचा आवाज आला की क्लाइव्हला हायसं वाटे, आणि मगच तो चहाचं आधण ठेवी.

निघायच्या वेळेलाच नेव्हिलच्या मुलीचा, हेझलचा फोन आला.

"काका, बाबांना उन्हात बसवू नका हं. आणि मोठा मासा लागला तर गळाची काठी तुम्ही घ्या."

"तो देईल तर ना!"

"हिसकावून घ्या," ती म्हणाली, आणि ती चेष्टा करत नव्हती.

जुलै सरत आला होता. कितीतरी दिवसांत पाऊस नव्हता आणि नदी पार आटून गेली होती. जिथे एरवी कमरेइतकं पाणी असायचं तिथे हिरवट दगड उघडे पडले होते. काठावरच्या गुलाबी फुलांच्या झुडपांचा गोडूस वास आणि तापलेल्या चिखलाचा वास एकमेकांत मिसळून डोकं जड होत होतं. फाटकावर मासेमारी क्लबाने पाटी लावली होती: पाणी तापले आहे, कृपया बार्बल धरू नयेत.

"वाचलंस?" क्लाइव्हने विचारलं.

"चष्मा घरी राहिला," नेव्हिल म्हणाला. चष्मा त्याच्या नाकावर होता.

ती पाटी उगाच लावलेली नव्हती. बार्बल हा लांबट, काशाच्या रंगाचा, तोंडाला चार मिशा असलेला मासा. खायच्या उपयोगाचा नाही. माणसं त्याच्या मागे लागतात ती त्याच्या झुंजीसाठी. गळाला लागला की तो अंगात असेल नसेल तेवढा सगळा जीव ओढण्यात घालवतो आणि जाळ्यात येतो तेव्हा त्याच्यात काही उरलेलं नसतं. तसाच पाण्यात सोडला तर उलटा होऊन मरतो. म्हणून त्याला दोन्ही हातांनी पोटाखालून अलगद धरायचं, तोंड प्रवाहाकडे करायचं आणि थांबायचं. कल्ल्यांतून पाणी जात राहतं, हळूहळू त्याच्या अंगात पुन्हा दम येतो आणि मग तो आपणहून हातातून निघून जातो. गार पाण्यात हे काही मिनिटांचं काम असतं. तापलेल्या पाण्यात किती वेळ लागेल हे कुणीच सांगू शकत नाही.

ऊन उतरता उतरता नेव्हिलची काठी वाकली. नुसती वाकली नाही, आधारावरून निघून पाण्याकडे चालू लागली. म्हाताऱ्याने झडप घालून ती धरली.

"दे इकडे," क्लाइव्ह म्हणाला.

"हात लावलास तर बघ!"

झुंज फार वेळ चालली. मासा खालच्या अंगाला गेला, दगडांत शिरला, पुन्हा मधल्या धारेत आला. नेव्हिलचा चेहरा लाल झाला, मग पांढरा पडला. पण तो हसत होता, आणि ते हसणं पाहून क्लाइव्हला काठी हिसकावण्याचं धाडस झालं नाही. तो जाळं घेऊन मांडीभर पाण्यात उतरला. मासा जाळ्यात आला तेव्हा त्याचं वजन क्लाइव्हच्या मनगटांना जाणवलं. इतका मोठा बार्बल त्याने आयुष्यात पाहिला नव्हता. वरच्या ओठाच्या डाव्या कोपऱ्यात रुतलेला गळ त्याने पाण्यातच काढला.

"तोंड प्रवाहाकडे," नेव्हिल वरून धापा टाकत म्हणाला. "सोडू नकोस हां... घाई करू नकोस."

"मला शिकवतोस?"

"शिकवायलाच हवं तुला... जन्मापासून..."

क्लाइव्ह हसला. मासा त्याच्या हातांत निपचित होता, कल्ले अगदी सावकाश उघडत होते आणि मिटत होते. तो त्याच्याशी पुटपुटत राहिला, मासे धरणारे सगळेच पुटपुटतात तसा. थोड्या वेळाने त्याच्या लक्षात आलं की मागून काही बोलणं येत नाही. नेव्हिल गप्प बसला आहे ही गोष्टच मुळी नवलाची होती.

त्याने मान वळवली. खुर्ची रिकामी होती. नेव्हिल गवतात कुशीवर पडला होता, चष्मा एका कानाला लोंबत होता.

क्लाइव्हने मासा सोडला आणि पाणी तुडवत काठावर चढला. नेव्हिलचे ओठ निळे पडले होते आणि श्वास नव्हता. फोनला रेंज नव्हती. त्या खोलगट जागेत ती कधीच नसायची, आणि त्याचंच दोघांना नेहमी कौतुक वाटायचं. त्याने भावाच्या छातीवर दोन्ही तळवे ठेवून दाबायला सुरुवात केली. दाबत राहिला. काही होईना. "नेव्ह, ए नेव्ह... अरे..."

मागे पाण्यात चपकन आवाज झाला. सोडलेला मासा उलटा होऊन काठच्या दगडांना लागला होता. त्याचं पांढरं पोट वर आलं होतं. क्लाइव्ह पाहत असतानाच त्याचा कल्ला एकदा उघडला.

त्याच क्षणी त्याच्या हातांखाली नेव्हिलची छाती एकदा वर आली.

मग पुन्हा सगळं थांबलं. पुन्हा कल्ला उघडला, आणि पुन्हा छाती वर आली.

आपण हे का करतो आहोत हे क्लाइव्हला सांगता आलं नसतं. तो धडपडत पाण्यात गेला, त्याने मासा सुलटा केला आणि तोंड प्रवाहाकडे धरलं. कल्ले चालू लागले. काठावरून घरघरत, ओढल्यासारखा श्वास ऐकू यायला लागला. उघड, मीट. उघड, मीट. त्याने हात थोडे सैल केले. मासा कलंडला आणि काठावरचा श्वास अडकला.

त्याने जाळं पाण्यात रोवून मासा त्यात उभा करून पाहिला. तो आडवा झाला. दोन दगडांच्या मध्ये धरून पाहिला, तिथे पाणी वाहतच नव्हतं. भाऊ चार पावलांवर होता आणि त्याला हात लावता येत नव्हता. मदत आणायला मैलभर चढ चढून रस्त्यापर्यंत जायला हवं होतं. मग क्लाइव्ह ओरडायला लागला.

पलीकडच्या काठाने हौशी प्रवाशांची जुनी वाफेची आगगाडी येत होती. तो मासा धरून, मान उंचावून ओरडला, "माणूस मरतोय इथे! कुणीतरी या!" चाकांच्या खडखडाटात त्याचा आवाज त्यालाच ऐकू आला नाही. खिडक्यांतून माणसांनी हात हलवले. एका बाईने लहान बाळाचा हात धरून तोही हलवला. गाडी गेली. धूर बराच वेळ पाण्यावर रेंगाळत राहिला.

क्लाइव्हला रडू आलं. डोळे पुसायलाही हात मोकळे नव्हते.

सूर्य झाडांमागे गेला तरी उजेड होता, इंग्लंडातला जुलैचा उजेड लवकर जात नाही. पाय बधिर झाले. आणि मग त्याच्या हातांत मासा हलला. शेपटी एकदा उजवीकडे गेली, मग डावीकडे. त्याला दम येत होता.

एरवी या क्षणी माणसाला किती आनंद होतो! पण या वेळी? मासा गेला की काय होणार? नेव्हिल उठणार, की तोही जाणार? त्याने नकळत पकड घट्ट केली, आणि काठावर नेव्हिल दुखल्यासारखा कण्हला. पकड सैल केली तर श्वास मोकळा झाला. मासा पुढे रेटत होता. धरून ठेवावं तर भावाच्या बरगड्या आवळल्या जात होत्या, सोडावं तर...

ठरवायची वेळ त्याच्यावर आलीच नाही. माशाने एक जोरदार हिसका दिला, त्याच्या तोंडावर पाणी उडालं आणि हात रिकामे झाले. काशाच्या रंगाची एक सावली वरच्या अंगाला गेली आणि दिसेनाशी झाली.

मागे वळून पाहायचं बळ त्याच्यात नव्हतं. तो तसाच पाण्यात उभा राहिला.

"गेला का?" मागून आवाज आला.

नेव्हिल गवतात उठून बसला होता आणि चष्मा सारखा करत होता.

"गेला," क्लाइव्ह म्हणाला.

"काय रे, पोरीसारखा रडतोस काय! मासाच तर होता. ये वर, चहा दे... घसा कोरडा पडलाय माझा."

इस्पितळात दोन दिवस तपासण्या झाल्या. हृदय हिवाळ्यापेक्षा बरं आहे, असं डॉक्टरीण म्हणाली. बरगड्यांवर दोन्ही बाजूंना बोटांचे काळेनिळे वळ होते. छाती दाबताना उठले असतील, असं ती म्हणाली आणि तिने क्लाइव्हची पाठ थोपटली. हेझल त्याच्या गळ्यात पडून रडली. पण क्लाइव्हने छातीच्या मध्यावर दाबलं होतं, कुशींना त्याने हातच लावला नव्हता. हे तो कुणाला आणि काय सांगणार होता?

नेव्हिल ठणठणीत झाला. धापा न टाकता जिने चढू लागला, अंगणात काम करू लागला, क्लाइव्हच्या कापण्यात चुका काढू लागला. आणि क्लाइव्हची झोप उडाली. कारण तो मासा नदीत होता. ऑगस्ट लागला, ऊन तसंच होतं आणि काठावर माणसं होती.

तो रोज नदीवर जाऊ लागला, काठी न घेता. बसलेल्या प्रत्येकाला सांगू लागला, "पाणी तापलंय हो. मोठा बार्बल लागला तर गळाची दोरी कापून टाका. नाहीतर निदान दोन्ही हातांनी धरा, पाण्याबाहेर काढू नका." काही जण हसायचे. एकजण म्हणाला, "काका, तुमच्या घरचा आहे का तो मासा?" क्लाइव्ह पुढच्या माणसाकडे वळला. नदीची लांबी केवढी आणि तो एकटा माणूस! एका वळणावर उभा राहिला की पुढच्या वळणावर कोण बसलंय हे कळायचं नाही.

रविवारी हेझलने दोघांना जेवायला बोलावलं. भाजलेलं मांस, बटाटे, वाटाणे, वर दाट रस्सा. खिडक्या उघड्या होत्या आणि शेजारी कुणीतरी गवत कापत होतं. नेव्हिल बटाट्यावर टीका करत होता. बोलता बोलता तो थांबला.

त्याचा वरचा ओठ डाव्या कोपऱ्यात ताणला गेला. तिथे काहीही नव्हतं, तरी तो ताणला गेला, आणि त्यामागून त्याचं डोकं झटक्याने वळलं.

"बाबा?" हेझल म्हणाली.

नेव्हिलने टेबलाची कड पकडली. ताटं खाली आली. त्याची मान पुढे, बाजूला, पुन्हा पुढे ओढली जात होती आणि तो अंगातली सगळी ताकद लावून मागे रेटत होता. हेझल किंचाळत फोनकडे धावली. क्लाइव्हने भावाला मागून मिठी मारली, पण ओढ त्याच्यापेक्षा जबर होती. "ओढू नकोस, नेव्ह," तो कानात सांगत होता. "जीव घालवू नकोस रे त्यात... जरा थांब..." पण नेव्हिल झुंजत राहिला. तो फार वेळ झुंजला.

मग एकाएकी ओढ संपली. नेव्हिल फरशीवर पडला. तोंड उघडत होतं, मिटत होतं, आत काही जात नव्हतं. बाहेर गवत कापणं चालूच होतं.

"येतायत काका, ते निघालेत," हेझल हुंदके देत म्हणाली. "काहीतरी करा ना!"

क्लाइव्ह गुडघे टेकून बसला होता. नेव्हिलच्या सदऱ्यावर, पोटाच्या जरा वर, ओल उमटत होती. ती पसरत गेली आणि तिच्यात पाच बोटं दिसू लागली. कुणाचातरी ओला पंजा पोटाखालून वर उचलत होता.

"पाण्यात," क्लाइव्ह पुटपुटला. "आधी पाण्यात धर रे बाबा... दोन्ही हातांनी..."

तो दुसऱ्या पंजाची वाट पाहू लागला. तो उमटला तर अजून आशा होती. बार्बलला एकाच हाताने धरणारा माणूस त्याला पाण्यात धरत नाही. तो त्याला वर उचलतो, कारण दुसऱ्या हातात त्याला फोटो काढायला फोन धरायचा असतो.

"काका, काय बघताय असे?" हेझल ओरडली.

नेव्हिलचे डोळे उघडे होते आणि ते भावाकडे लागले होते. सदरा कोरडा होता, सगळीकडे, त्या एका पंजाएवढी जागा सोडून.