नरहर मास्तरांचं अर्धं पान

नेहरू नगरात वीज गेली होती, म्हणून सगळे गच्चीवर येऊन बसले होते. सत्यजित फार खुशीत होता. उदयसरांनी त्याला पियानोवर पहिलं गाणं पूर्ण शिकवलं होतं, दोन्ही हातांनी. धाकटी बहीण क्षितिजा त्याला चिडवत होती. शेजारच्या मनोहरकाकांनी मात्र एकदम विचारलं,

"पूर्ण शिकवलं? कधी?"

"गेल्या सोमवारी. आठ दिवस झाले, काका."

"हं. मग आता ऐक. आणि मधे दात काढलेस तर उठून जाईन."

तुझ्या उदयसरांचे गुरू म्हणजे नरहर पिंपळापुरे. आम्ही मास्तर म्हणायचो. वडिलांची बदली नागपूरहून इथे भोपाळला झाली तेव्हा स्वारी चड्डीत होती. पुढे बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समन झाला. दिवसभर नकाशे, आणि संध्याकाळी तलावाकाठच्या हॉटेलात पियानो. तिथल्या गोव्याच्या बँडमास्तरानं त्याला जॅझचं वेड लावलं. भोपाळात जॅझ! लोक यायचे सूप प्यायला, आणि हा पठ्ठ्या मराठी गाणी रचून त्यांना जॅझमध्ये ऐकवायचा. डावा हात असा चालायचा की टेबलाखाली लोकांचे पाय हलायचे. मी डोळ्यांनी पाहिलंय. असा माणूस पुन्हा व्हायचा नाही.

पण घाणेरडा! शी, काय सांगू. चोवीस तास तोंडात किमामचं पान. बोटं लाल, सदऱ्यावर ओघळ, पियानोच्या पट्ट्या चिकट. आणि एक खोड अशी, की नुसती आठवली तरी मला मळमळतं. शिष्याला गाणं पूर्ण आलं, की हा स्वतःच्या दाढेखालचं पान दातांनी तोडायचा आणि त्यातलं अर्धं शिष्याच्या तोंडात कोंबायचा. म्हणायचा, "घे न बाप्पा. गाणं कानानं नाही येत, तोंडानं येते."

उदय म्हणजे कडक इस्त्रीचा माणूस. खिशात कायम रुमाल. तो पान गालात धरायचा, वाकून नमस्कार करायचा आणि हात धुवायला म्हणून मागच्या खिडकीशी जायचा. थू! खाली नाली. वर्षानुवर्षं हेच चाललं. गाणी घेतली आणि पानं नालीत टाकली. खरं सांगू का, त्याच्या जागी मीही थुंकलो असतो.

मास्तरांचं शेवटचं गाणं होतं त्यांच्या गेलेल्या बायकोवर, सिंधूवहिनींवर. त्याचा उजवा हात शिकवून झाला आणि मास्तर अंथरुणाला खिळले. पाठीला जखमा झाल्या, उशाशी भरलेली पिकदाणी. उदयला फोन करायचे, "डावा हात राहिला रे. ये न." उदय एकदा गेला. दारापर्यंत. आतला वास आला आणि पायरीवरूनच परत फिरला. पुढे नुसत्या सबबी. मास्तर गेले, आणि वहिनींच्या गाण्याचा डावा हात त्यांच्याबरोबर गेला.

पहिल्या वर्षश्राद्धाच्या सुमारास इथल्या मराठी मंडळात कार्यक्रम ठरला. मास्तरांच्या मुलीनं, सुमित्रानं, उदयला विचारलं, "दादा, आईचं गाणं पूर्ण येतं ना तुम्हाला? मी एकदाही ऐकलं नाहीये हो." हा म्हणाला, "येतं." धडधडीत खोटं! सुमित्रानं भोपाळभर सांगितलं. पत्रिकेत छापलं.

आता तारीख लक्षात ठेवा. तीस डिसेंबर, दोन हजार चोवीस. सोमवती अमावास्या. दुसऱ्या दिवशी टेम्पो येऊन पियानो मंडळात न्यायचा होता. सुमित्राची हॉस्पिटलात रात्रपाळी होती. तिनं साकेत नगरच्या घराची किल्ली उदयला दिली. काम एवढंच, की पियानो पुसायचा, गोधड्या बांधायच्या आणि कुलूप लावून निघायचं.

रात्री साडेदहाला उदय आत शिरला. त्यानं डेटॉल आणलं होतं. एकेक पट्टी घासली. शेवटी वाटलं, एकदा प्रयत्न करून बघू, जमला डावा हात तर जमला. बाक दोघांचं. शिकताना मास्तर डावीकडे, हा उजवीकडे. सवयीनं हा उजवीकडेच बसला. गाणं सुरू केलं, नुसत्या उजव्या हाताचं. लंगडं.

मग वास आला.

किमामचा. आणि त्याखाली जखमांचा... तोच, पायरीवरचा.

त्यानं मागे पाहिलं. कोणी नव्हतं. खिडकी बंद.

बाक डावीकडे दबलं.

उदय उठणार होता. पण डावीकडच्या पट्ट्या हलल्या. आपोआप. तोच डावा हात, तीच चाल. वहिनींचं गाणं! उठला असता तर ते कायमचं गेलं असतं. बसला. डोळे मिटले. वाजवत राहिला. शेजारी कोणीतरी चघळत होतं. चप... चप... चप...

गाणं संपलं.

चघळणं थांबलं.

ओठांना काहीतरी ओलं लागलं. कोमट. बुळबुळीत. उदयनं दात घट्ट आवळले. ते दातांवर दाबलं गेलं. कानाशी आवाज आला.

"काहून रे... किळस येते?"

ते आत गेलं.

त्याला ओकारी आली. डोळ्यांतून पाणी. तोंडात थुंका जमला, खिडकीकडे धावायचं मनात आलं... आणि त्याला जाणवलं, गाणं निघून चाललंय. डाव्या हाताची बोटं थंड पडत होती. सुमित्राचा चेहरा डोळ्यांपुढे आला.

त्यानं गिळलं.

बोटं गरम झाली. त्याला वाटलं, सुटलो!

"अन् बाकीची?"

टप्. एक पट्टी वाजली. बद्द. पट्टीवर काहीतरी पडलं होतं. काळं. नालीचा गाळ लागलेलं. अर्धं पान. टप्. दुसरं. टप्. तिसरं... सगळ्या पट्ट्यांवर. प्रत्येक गाण्याचं एक.

आणि उदय... नको. काय केलं असेल ते तुम्हीच समजा. मला सांगताना तो माझ्या मोरीत तीनदा ओकला.

सकाळी सुमित्रा आली. हा बाकावर, उजवीकडच्या अर्ध्यात. हनुवटी लाल, सदरा लाल. पियानोवर एक पान नव्हतं. नुसते ओले डाग.

रविवारी मंडळात त्यानं गाणं वाजवलं. अरे, काय वाजवलं! सुमित्रा हुंदके देऊन रडली. आईला भेटल्यासारखं वाटलं म्हणाली.

काका थांबले.

"तेव्हापासून उदयचे दात लाल आहेत," काका म्हणाले. "आणि बिट्टन मार्केटचा पानवाला माझ्या रोजच्या बसण्याउठण्यातला. उदयनं त्याच्याकडून आजवर सुपारीचं खांडसुद्धा घेतलेलं नाही. घरीही पानाचा डबा नाही." ते सत्यजितकडे वळले. "सोमवारी गाणं पूर्ण झाल्यावर सरांनी काय दिलं तुला?"

सत्यजितनं क्लासहून आणलेली बॅग जवळ ओढली.

"पान?"

"...अर्धं."

"खाल्लंस?"

त्यानं मानेनंच नाही म्हटलं. बॅगेतून रुमालाची पुरचुंडी काढली आणि पुढे धरली. "सरांसमोर थुंकता येईना. त्यांची पाठ वळली तेव्हा यात घेतलं. टाकायचं राहूनच गेलं."

क्षितिजानं मोबाइलचा टॉर्च लावला. रुमालातून लाल थेंब ओघळून गच्चीवर पडत होते. तिनं पुरचुंडीला एक बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं.

"दादा," ती म्हणाली, "हे गरम आहे."