मौनकळ

हेमांगी दुधाळनं नवा संगणक पहिल्या आठवड्यातच मुका करून टाकला.

किनाऱ्यावरच्या त्या जलकेंद्रात समुद्राचं खारं पाणी गाळून गोडं व्हायचं आणि आसपासच्या तालुक्यांना जायचं. नियंत्रण कक्षात सगळ्यांसमोर पडदे होते. हेमांगी जन्मांध. तिच्या टेबलावर कळफलक आणि ध्वनिक्षेपक, बस. पडद्यावर जे उमटेल ते बोलून दाखवणारा पडदावाचक म्हणजे तिचे डोळेच, असं भेटीला आलेले पाहुणे गहिवरून म्हणायचे. हेमांगीच्या डोक्यात तिडीक जायची. डोळे कसले? कान आहेत की धड!

जुना पडदावाचक एवढ्या वेगानं बोलायचा की इतरांना डब्यात मधमाश्या कोंडल्यासारखं वाटे. त्यावर तिचा हात बसला होता. पहिलं अक्षर ऐकायचं, पुढचं ओळखायचं आणि डाव्या करंगळीनं मौनकळ दाबून त्याला गप्प करायचं. प्रत्येक अंध संगणकवाल्याची हीच खोड. मग केंद्रानं यंत्रणा बदलली, जुनं सगळं भंगारात गेलं आणि हे नवं आलं.

आज त्याची चाचणी होती. एक पाळी एकटीनं सांभाळली तर ही जागा राहणार, नाहीतर स्वागतकक्षात बसून फोन घ्यायचे. "तुम्हाला तिकडं सोपं जाईल," मुख्य अभियंता नाडकर्णी म्हणाले होते. माणसाच्या हातातलं काम काढून घेताना लोकांना हाच शब्द बरा सापडतो. सोपं.

"रुक्साना, तुझं यंत्र मेलंय," पाळी सुरू व्हायच्या आधी हेमांगी म्हणाली. "साधं 'पंप' म्हणत नाही."

रुक्साना बागवाननंच हा पडदावाचक घडवला होता आणि तीच तिला शिकवत होती. "मेलं नाही, शिकलंय. आठवडाभर तू काय केलंस? 'पंप चा' झालं की दाब करंगळी."

"मग? पुढं 'चालू'च असणार होतं ना!"

"तेच तर. हा थांबवण्यातून शिकतो. तू थांबवलंस म्हणजे पुढचं तुला ठाऊक होतं, असं धरतो आणि ते पुन्हा बोलत नाही. पंप बंद पडला तर मात्र लगेच बोलेल, कारण ते तुझ्या अंदाजाबाहेरचं."

"आणि मी वैतागून थांबवलं असेल तर?"

"वैताग त्याला कळत नाही. काय थांबवलंस आणि काय थांबवलं नाहीस, एवढंच कळतं."

"म्हणजे नाडकर्णी साहेबांची परिपत्रकं?"

"ती आता जन्मात ऐकू येणार नाहीत."

"गुणी आहे गं!" हेमांगी पहिल्यांदाच त्या यंत्रावर खूश झाली.

पाळी सुरू झाली. नाडकर्णी मागं खुर्ची टाकून बसले. पडदावाचक गप्प. पंप, झडपा, गाळणपापुद्र्यांच्या रांगांवरचा दाब, सगळं जागच्या जागी असणार, म्हणून गप्प. हेमांगी कळफलकावर बोटं ठेवून स्वस्थ. चहा आला, प्याला रिकामा झाला, तरी शब्द नाही.

नाडकर्णी खाकरले. "याची वाचा बसली की काय?"

"सगळं ठीक आहे सर, म्हणून बोलत नाही."

"ठीक आहे म्हणून गप्प, की बंद पडलंय म्हणून गप्प? फरक कसा ओळखायचा?"

प्रश्न बिनतोड होता. शांततेला दोन अर्थ असू शकतात, हे बाजूला उभ्या रुक्सानाच्याही ध्यानात आलं नव्हतं.

"माफ करा," नाडकर्णी म्हणाले आणि पेनाचं टोपण काढल्याचा आवाज आला. "असल्या भरवशावर मी लोकांचं पाणी..."

"ताईचा निरोप," पडदावाचक खणखणीत आवाजात बोलला. "हेमे, जेवलीस का. कुरडया घातल्यात माळवदावर. चीक झ्याक झाला. पण शेजारणीच्या कोंबडीनं दोन पळवल्या. म्या काठी घेऊन राखत बसलीया. तुझे दाजी म्हणत्यात..."

कक्षात कुणीतरी फसकन हसलं. हेमांगीच्या कानशिलांपर्यंत शरम चढली. करंगळी मात्र जागची हलली नाही.

"सहावी रांग, दाब उतरतोय," वाक्य मध्येच टाकून पडदावाचक म्हणाला.

तिची बोटं धावली. सहाव्या रांगेची झडप बंद, पाणी राखीव रांगेकडं. पलीकडच्या टेबलावरून कुणीतरी ओरडलं, "हो, सहावीचा जोड सुटलाय! माझ्या पडद्यावर आत्ता लाल झालं!" आणि पडदावाचकानं सोडलं तिथून धागा उचलला: "...कोंबडीला दोष देऊ नको, तूच झोपली असशील."

यावेळी नाडकर्णीही हसले. "बंद नव्हतं तर," ते म्हणाले आणि चाचणीच्या कागदावर सही केली. "मात्र अधूनमधून 'आहे मी' एवढं तरी म्हणायला शिकवा त्याला."

"ते शिकवते सर," रुक्साना म्हणाली.

साहेबांची पावलं दाराबाहेर गेली तशी हेमांगी तिच्यावर उखडली. "माझी लाज काढली तुझ्या यंत्रानं! सगळं गाळतं, मग ताईचं चऱ्हाट का नाही गाळत? रोज तेच असतं. जेवलीस का, कोंबडी, दाजी. पुढचं सगळं पाठ आहे मला. पकते मी त्यानं!"

रुक्सानानं कळा दाबून आठवडाभराची नोंद पाहिली. मग ती पुन्हा वरपासून पाहिली.

"अगं, बोल की."

"हेमा, तू मला थांबवलंस, साहेबांना थांबवलंस, आगीच्या सूचनासुद्धा अर्ध्यावर थांबवल्यास. ताईला एकदाही नाही."

हेमांगी नाक ओढून म्हणाली, "ताईला हे सांगशील तर बघ. रोज दोनदा पाठवेल."

आणि खुर्ची पुढं ओढून तिनं निरोप पहिल्यापासून लावला.