हिरव्या शाईच्या चिठ्ठ्या

दार ओढायचं होतं, त्याने ढकललं. आतून तीही त्याच वेळी खडूचा फळा काखेत धरून दार ढकलत होती. दोघांचा जोर एकाच काचेवर, आणि दार काही हलेना. मग त्याला काय वाटलं कोण जाणे, त्याने एकदम ओढलं. ती फळ्यासकट बाहेर आली, त्याच्या अंगावर आदळता आदळता राहिली.

ती वाचली, पण त्याची बॅग पडली. पायरीवर उघडलेल्या त्या बॅगेतून रबराने बांधलेल्या वायरी बाहेर आल्या, आणि मागोमाग एक करडी पेटी. तिच्यावर आकडे लिहिलेली गोल बटणं.

"लागलं का हो?" त्याने विचारलं. पण विचारताना हात पेटीकडेच.

"दारावर 'ओढा' लिहिलंय," ती म्हणाली.

"वाचलं नाही. कॉफीचा वास आला… तसा आत शिरत होतो."

बोलणं गोड होतं. तिथेच तिच्या मनात पाल चुकचुकली.

गोड बोलणाऱ्यांचं तिला वावडं होतं, आणि ते उगाच नव्हतं. दुकान वडिलांचं. सहा टेबलं, एक काउंटर आणि काउंटरमागे पडद्याआड कॉफीचे दाणे भाजायची खोली. दोन वर्षांपूर्वी तिचं लग्न ठरत आलं होतं. होणारा नवरा रोज यायचा, बाबांशेजारी उभा राहून कोणता दाणा किती, कशात काय मिसळायचं, हे मोठ्या कौतुकाने विचारायचा. आणि एके दिवशी त्याच चवीची कॉफी दुसऱ्याच कुणाच्या दुकानात मिळायला लागली, हा तिथे मुख्य होऊन बसलेला. लग्नही गेलं, चवही गेली. तेव्हापासून ती कुणाचंही तोंड नंतर बघायची, हात आधी.

त्यात आता रस्त्यापलीकडे, अगदी समोर, नवं चकचकीत कॉफीचं दुकान उघडलेलं. अशा वेळी हा पेटीवाला उगवावा?

तो कोपऱ्यातल्या टेबलाशी बसला. दुसऱ्या दिवशीही आला. तिसऱ्याही. हिरव्या शाईच्या पेनाने वहीत काहीबाही लिहायचा आणि मध्येच मान वर करून पडद्याकडे बघायचा. ती फडकं घेऊन शेजारचं टेबल पुसायला गेली की वही मिटायचा.

"एवढं काय लिहिता हो रोज?"

"काम. तुम्ही एकच टेबल तीनदा पुसलंत."

"डाग आहे."

"कुठे? मला तर दिसत नाही."

"मला दिसतो," ती म्हणाली आणि वळली. वळताना उगीचच केसांची बट कानामागे गेली, त्याचा तिला फार राग आला.

त्याच दिवसांत वहिनीने फोनवर तिच्यामागे भुणभुण लावली होती. "अगं, नुसती कॉफी करून काय होतंय? दुकानाचा ब्लॉग लिही. आठवड्याला एक. लोक वाचतील, वाचून येतील." तिने दोन आठवडे लिहिलं. पहिल्यात दुकान कधी उघडतं ते, दुसऱ्यात कधी बंद होतं ते. तिसऱ्या आठवड्यात डोकं रिकामं. मग तिने काउंटरवर दाण्यांचा एक रिकामा डबा ठेवला आणि त्यावर कागद चिकटवला – 'आम्ही कशावर लिहावं? चिठ्ठी टाका.'

पहिल्या दिवशी एका चिठ्ठीत पंखा हळू करा असं होतं, दुसरीत कुणाची तरी हरवलेली छत्री. तिसरी चिठ्ठी मात्र वेगळी निघाली. बारीक चौकटींच्या कागदाचा तुकडा आणि हिरवी शाई –

'खिडकीजवळची खुर्ची डुगडुगते, तरी सगळ्यांना तीच का हवी असते?'

ती हसली. मग आपण हसलो म्हणून दचकली. पण लिहिलं, आणि लोकांनी वाचलं. दोघं जण तर खुर्ची बघायला आले. पुढच्या आठवड्यात पुन्हा हिरवी चिठ्ठी – 'दोन कप मागवून एकच पिणाऱ्या आजोबांना विचारा, दुसरा कुणाचा?' तिने विचारलं. आजोबा तासभर आपल्या बायकोबद्दल बोलत राहिले. तेही तिने लिहिलं.

मग तिसरी हिरवी चिठ्ठी आली – 'दाणे भाजताना मालक डोळे का मिटतात?'

तिच्या हातातला चमचा थांबला. पडद्याची फट चार बोटांची. तेवढ्यातून एवढं बघितलं याने?

आणि चौथी – 'गुरुवारच्या भाजणीची कॉफीच तेवढी कडवट का लागते?'

ही चिठ्ठी तिने कुणी बघायच्या आत मुठीत चुरगळली.

कारण ते खरं होतं. बाबा कॉफी कानाने भाजायचे. दाणे तापले की एकदा मोठ्याने तडतडतात. मग थोडं थांबून दुसऱ्यांदा, पण अगदी बारीक, वाळल्या पानावर चिमणीने पाय ठेवावा तसे. तो दुसरा आवाज सुरू होताहोताच दाणे उतरवायचे. जरा उशीर झाला की कडवटपणा आलाच. बाबा डोळे मिटून त्या आवाजाची वाट बघायचे आणि अभिमानाने सांगायचे, "ज्या दिवशी मला दाणा ऐकू येणार नाही, त्या दिवशी दुकानाला कुलूप." आणि गेलं वर्षभर बाबांना दाणा ऐकू येत नव्हता. सोमवारी भाजणी असली की ती जवळ उभी राहायची, बारीक तडतड सुरू झाली की त्यांच्या खांद्याला हात लावून म्हणायची, "बाबा, गिऱ्हाईक आलंय." ते दचकून दाणे उतरवायचे. पण गुरुवारी सकाळी काउंटरवर गर्दी, तिला पाय हलवता यायचा नाही.

हे बाहेर फुटलं तर समोरच्या दुकानाला आयतंच मिळालं असतं. आणि बाबांच्या कानावर गेलं तर… कुलूप. बाबा शब्दाचे पक्के.

हा माणूस समोरच्यांचाच, तिने ठरवून टाकलं. आणि सापळा लावला.

कप त्याच्यापुढे ठेवताना ती वाकून म्हणाली, "एक सांगू? कुणाजवळ बोलणार नाही ना?"

त्याने पेन खाली ठेवलं. "सांगा."

"बाबा भाजताना दाण्यांवर चिमूटभर मीठ टाकतात. आमच्या चवीचं गुपित ते."

त्याने तिच्याकडे बघितलं. डोळ्यांच्या कोपऱ्यात हसू. "मग जखमेवर चोळायला उरतं का थोडं?"

"उरतं ना. लागलं तर मागा."

ती काउंटरमागे आली तेव्हा तिचे कान तापलेले होते. रागानेच, असं तिने स्वतःला बजावलं. मग पडद्याआड जाऊन बाबांना सावध केलं, नाहीतर तेच सगळं उधळायचे. "बाबा, त्या कोपऱ्यातल्याला मी सांगितलंय, आपण भाजताना मीठ टाकतो म्हणून…"

"काय टाकतो?"

"मीठ."

"मीठ? भाजताना मीठ टाकतो?" बाबांचा आवाज खणखणीत. "चिमूटभर?"

"हळू!" तिने ओठांवर बोट ठेवलं आणि फटीतून बघितलं. कोपऱ्यातला मान खाली घालून बसला होता. त्याला तर आधीच माहीत होतं, म्हणजे काही बिघडलं नाही. दुकानात आणखी कोण बसलंय, हे तिने बघितलंच नाही. हल्ली तिची नजर त्या एका कोपऱ्याशिवाय कुठे जातच नव्हती.

आठ दिवसांनी समोरच्या दुकानावर फलक लागला – 'खास आमच्याकडे! मीठ लावून भाजलेली कॉफी.'

ती आनंदायला हवी होती. सापळ्यात मासा आला होता. पण मासा हाच निघावा, हे तिला नको होतं, आणि त्यामुळे रागाला आणखीच धार चढली. तो आला तशी ती थेट त्याच्या टेबलापुढे उभी राहिली.

"फलक बघितलात?"

"बघितला."

"मीठ खोटं होतं. मी फक्त तुम्हाला सांगितलं होतं. काय हो, किती दिवस चाललंय हे?"

"मी कुणाला काही सांगितलेलं नाही."

"मग कुणी सांगितलं?"

त्याने तिच्या खांद्यावरून मागे बघितलं. पडदा सारून बाबा उभे होते, काय चाललंय ते तिच्या पाठीवरून ओळखायचा प्रयत्न करत. त्याने तोंड उघडलं… आणि मिटलं.

"ते इथे सांगण्यासारखं नाही."

"ती पेटी कसली?"

"कामाची."

"कसलं काम?"

पुन्हा त्याने बाबांकडे बघितलं. "तेही इथे नको."

"मग दार तिकडे आहे. आतून ढकलायचं असतं."

त्याने उरलेली कॉफी शेवटच्या घोटापर्यंत प्यायली. वहीतून एक पान फाडलं, घडी करून डब्यात टाकलं आणि गेला. दार बरोबर ढकललं त्याने.

दुसऱ्या दिवशी कोपरा रिकामा. मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झालेल्या एक बाई रोज सकाळी यायच्या. त्यांनी चष्म्यावरून समोरच्या फलकाकडे बघितलं. "हे मिठाचं खूळ तुझ्या बाबांचं ना गं?"

"म्हणजे?"

"अगं, त्या दिवशी केवढ्याने बोलले ते! माझ्या वर्गातल्या मागच्या बाकालासुद्धा ऐकू गेलं असतं. आणि माझ्या पुढच्याच टेबलाशी तो समोरचा टायवाला मॅनेजर, मफलर गुंडाळून. ओठाशी नेलेला कप तसाच राहिला त्याचा."

"तो इथे येतो?"

"रोज. त्याच्याकडची त्यालाच पिववत नसेल."

ज्यांना कमी ऐकू येतं ते मोठ्याने बोलतात, हे जगाला ठाऊक होतं. आणि कोपऱ्यातल्याने ते भर दुकानात, बाबांसमोर बोलायचं टाळलं होतं. तिची बोलणी खाऊन टाळलं होतं.

डबा उघडून तिने शेवटचं पान काढलं. 'जिथे दाणा ऐकला जातो, पण गिऱ्हाइकाचं ऐकलं जात नाही, अशा दुकानावर लिहा.' कोपरा भिजलेला होता – कॉफीने असावा. तिने पान उलटलं. आधीच्या तुकड्यांवर नुसत्याच चौकटी होत्या, हे मात्र अख्खं पान होतं. वर छापलेलं – 'डावा कान, उजवा कान.' आणि खाली पत्ता, तिथून तिसऱ्या रस्त्यावरचा.

कान तपासायची ती खोली लहान होती. भिंतीला लागून जाड काचेची एक कोठडी, टेबलावर तीच करडी पेटी. तिला बघून तो उठला.

"दार ढकलायचं होतं," ती म्हणाली, "मी ओढत बसले."

"होतं असं कधीकधी."

"चिठ्ठ्या कशाला टाकायच्या? तोंडाने सांगायचं ना, बाबांना ऐकू येत नाही म्हणून."

"तोंडाने सांगितलं की लोक भांडतात. बायको पुटपुटते म्हणतात, मुलं पुटपुटतात म्हणतात. म्हटलं, तुम्ही ब्लॉगसाठी विचारलंच आहे, तर हळूहळू… पहिल्या दोन चिठ्ठ्या मात्र त्यासाठी नव्हत्या."

"मग कशासाठी होत्या?"

त्याने पेटीवरची नसलेली धूळ पुसली. "डाग होता," तो म्हणाला.

तिला हसू आलं, आणि ते तिने या वेळी आवरलं नाही. "मीठ आणलंय मी," ती म्हणाली. "माझ्यावर चोळायला. चिमूटभरच."

बाबांना सांगायचं म्हणून तिने घरी दोन दिवस शब्द जुळवले. तिसऱ्या दिवशी ती अडखळत बोलायला लागली तसे बाबा हसले.

"तुला काय वाटलं, मला कळत नाही? वर्षभर दर सोमवारी नेमकं दाणे उतरवायच्या वेळी गिऱ्हाईक येतंय! एवढी गिऱ्हाइकं खरंच आली असती, तर आपण वरचा मजला बांधला असता."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर कुलूप लावावं लागलं असतं. शब्द दिला होता ना."

"ऐकू यायला लागलं तर?"

"मग लावायचं कारण नाही," बाबा म्हणाले आणि चपला शोधू लागले.

त्याने बाबांना काचेच्या कोठडीत बसवून तपासलं आणि सवय व्हावी म्हणून एक छोटं यंत्र कानात घालून दिलं. बाबा बाहेर त्याच्या खुर्चीमागे बसले, घड्याळाची टिकटिक ऐकत, अगदी लहान मुलासारखे.

"आता हिचेही कान तपासा," ते म्हणाले. "हिलाही सांगितलेलं ऐकू येत नाही."

"बाबा!"

पण तो उठलाच. तिला कोठडीत बसवलं, कानांवर गोल गाद्या चढवल्या आणि हातात एक बटण दिलं. "मी शब्द बोलेन, हळूहळू आवाज कमी करत. ऐकू आला की दाबायचं. इकडे दिवा लागतो." दार मिटलं. सगळं जग एकदम गप्प झालं, फक्त तिच्याच छातीतली धडधड.

काचेपलीकडून तिच्या कानात आवाज आला. "कप." तिने दाबलं. "खुर्ची." दाबलं. "पडदा…" आवाज बारीक होत गेला. "मीठ…" ती हसली, पण दाबलं. मग तो थांबला. मान खाली घातली, ओठ हातातल्या माइकला टेकवले आणि बोलला. वाळल्या पानावर चिमणीने पाय ठेवावा, एवढाच आवाज.

"तुम्ही मला… फार आवडता."

तिचं बोट बटणावर तसंच राहिलं. ऐकू आलं का नक्की? की तिनेच मनातून ऐकलं? इतक्यांदा फसलेला कान तो, चटकन विश्वास ठेवीना. तिने मान वर केली. काचेपलीकडे तो दिव्याकडे बघत बसलेला, चेहरा उतरत चाललेला. आणि त्याच्या खुर्चीमागून बाबा उठले होते, एक हात कानावर, डोळे मिटलेले, जसे ते भाजताना मिटायचे. मग त्यांनी डोळे उघडले आणि जाड काचेतूनही ऐकू यावं इतक्या खणखणीत आवाजात ओरडले –

"अगं, मला ऐकू आलं! दाब की बटण!"

दिवा लागला. तिने बोट काढलंच नाही, म्हणून तो बराच वेळ लागलेलाच राहिला.