न झालेल्या सामन्यातला नारळ

“मिस, मी सध्या जमिनीवर पालथा पडून बोलतोय. आवाज नीट आला नाही तर माफ करा.”

तिवंक हेट्टिगे हा माणूस माझ्याशी बोलला ते हे पहिलं वाक्य. शनिवारची दुपार होती आणि मी मातर शहरात जिल्हा क्रिकेट लीगच्या कचेरीत फोनपाशी बसले होते. माझं कामच ते. आठवडाभर मी जमीन-नोंदणीच्या कचेरीत दस्त तपासायची आणि शनिवार-रविवार लीगची नियम-सल्लागार व्हायची. जिल्ह्यातल्या कुठल्याही मैदानावर अंपायरांना स्पर्धेच्या नियमाचा अर्थ लागेनासा झाला, की त्यातला एकजण खिशातला लीगचा फोन काढून मला विचारणार. मी पुस्तक उघडून कलम सांगणार आणि मैदान, वेळ, प्रश्न, उत्तर सगळं नोंदवहीत उतरवणार. सत्ताविसाव्या वर्षी हे काम माझ्याकडे आलं, तेव्हा पांढऱ्या मिशांच्या निम्म्या अंपायरांची तोंडं कडू झाली होती. एवढ्याशा पोरीला काय विचारायचं, असं ते म्हणत. ही पोर अंपायरांच्या परीक्षेत जिल्ह्यात पहिली आली होती, ते मात्र कुणी म्हणत नसे.

“पडून का बोलताय?” मी विचारलं.

“मधमाश्या आल्यात. तेरा खेळाडू, दोन अंपायर, सगळे पालथे. वीस मिनिटं गेली. पावसानं वेळ गेला तर षटकं कमी करतो ना आपण? मग आता करायची का?”

मी पान उलटलं. “कलमात फक्त हवामान लिहिलंय. मधमाश्या हवामानात बसत नाहीत.”

“बरोबर आहे मिस. त्या माझ्या पाठीवर बसल्यात.”

मला हसू फुटलं. फोनवर, कामावर असताना, चांगलं मोठ्यानं. मग घसा साफ करून मी सांगितलं, षटकं कमी करू नका, माश्या गेल्या की तिथूनच पुढे खेळा.

“थँक्यू मिस,” तो म्हणाला. मग हळूच, “तुम्ही हसलात ते वहीत लिहिणार का?”

मी फोन ठेवला. आणि नंतर उगाचच अर्धा तास त्या फोनकडे बघत बसले.

पुढच्या शनिवारी त्याचा फोन आला. त्याच्या पुढच्याही. एका गावात कुत्र्यानं चेंडू पळवला होता, दुसरीकडे पतंगाच्या मांज्यात बेल्स गुंतल्या होत्या. नऊ वर्षं अंपायरिंग केलेल्या माणसाला इतके प्रश्न का पडावेत, हा विचार माझ्या मनात येत नव्हता असं नाही. यायचा, आणि मी त्या विचाराला चहा पाजून परत पाठवायची. शनिवारी मी केसांत फूल माळून कचेरीत जाऊ लागले. टायपिंग करणाऱ्या सुनेत्राअक्कानं दोन आठवडे सहन केलं आणि मग विचारलं, “काय गं, फोनमधून दिसतं का ते?”

तो मला प्रत्यक्ष भेटला अंपायरांच्या उजळणी वर्गात. उंच, उन्हानं रापलेला, टोपीच्या रेषेवरचं कपाळ मात्र गोरं. मी तासभर एल.बी.डब्ल्यू. शिकवलं, बाकीचे प्रश्न विचारून विचारून थकले, आणि हा शेवटच्या बाकावर गप्प. चहाच्या सुट्टीत तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला. हातातला मासळीचा बन त्यानं मधोमध तोडला, मोठा तुकडा माझ्या बशीत ठेवला.

“आज एकही प्रश्न नाही?” मी विचारलं.

“समोर असलात की सुचत नाही, मिस.”

“मग फोनवर बरं सुचतं.”

“फोनवर तुम्ही डोळे मोठे करून बघत नाही ना.”

मी डोळे मोठे केले. तो बनाचा तुकडा तोंडात कोंबून पळाला. माझ्या बशीतला बन मी शेवटच्या कणापर्यंत खाल्ला.

आता त्या नारळाबद्दल सांगते. इथे मी जे केलं ते मला कुठल्याही पुस्तकात सापडणार नाही, म्हणून सरळच सांगते.

ऑगस्टमधला शनिवार. साडेबाराला दिक्वेल्लहून तिवंकच्या जोडीदार अंपायरचा फोन आला, की पाऊस थांबत नाही, एकही चेंडू न टाकता सामना रद्द. मी सामन्यांच्या यादीत तसं लिहिलं. तीन वाजता तिवंकचा फोन.

“मिस, दिक्वेल्लहून बोलतोय. मैदानात माड आहे, सीमेच्या आत. चेंडू उंच उडाला आणि शेंड्यात अडकून बसला. वरून नारळ पडला. मिडविकेटवाल्यानं तो झेललाय आणि अपील करतोय.”

“नारळ झेलून कुणी बाद होत नसतं.”

“मी पण तेच म्हटलं. पण फलंदाज पळत सुटलेत, त्यांचं काय करू? संध्याकाळपर्यंत पळतील.”

त्याच्यामागे बसचा हॉर्न ऐकू येत होता, आणि कंडक्टर मातर-मातर म्हणून ओरडत होता. न झालेल्या सामन्यात फलंदाज पळत होते. मला सगळं कळत होतं. त्याच क्षणी विचारायला हवं होतं, कुठला सामना हो? पण विचारलं असतं तर पुढच्या शनिवारी फोन आला नसता... आणि मला तो यायला हवा होता.

शिवाय प्रश्न फार गोड होता. मी उत्साहानं उत्तर दिलं: चेंडू हाती लागण्यासारखा राहिला नाही की लगेच डेड बॉल, पुऱ्या झालेल्या धावा मोजायच्या, चालू धावेत दोघांनी एकमेकांना ओलांडलं असेल तर तीही. आणि सवयीनं, हात आपोआप चालावा तशी, मी ती नोंद वहीत केली. मैदान दिक्वेल्ल, वेळ तीन. सोमवारी सुनेत्राअक्कानं नेहमीप्रमाणे वहीतली नवी उत्तरं टाईप केली आणि परिपत्रक क्रमांक एकवीस जिल्ह्यातल्या प्रत्येक अंपायरच्या घरी जाऊन पडलं. वहीतल्या त्या नोंदीवर रेघ मारायला माझ्याकडे मधला पूर्ण रविवार होता. मी मारली नाही.

लीगच्या घटनेत एक कलम आहे. प्रत्यक्ष सामन्यात उद्भवलेल्या प्रश्नावरच सल्लागारानं खुलासा द्यायचा. मनानं रचलेला प्रश्न असेल तर तो वार्षिक सभेपुढे. हे कलम मी स्वतः वर्गात शिकवत असे.

नोव्हेंबरमध्ये वेलिगमजवळच्या मैदानावर अंतिम सामना झाला. तिथेही सीमेच्या आत एक माड. रन्मल क्लबला जिंकायला चार धावा हव्या, शेवटची जोडी खेळते आहे, आणि फलंदाजानं मारलेला चेंडू सरळ वर जाऊन शेंड्यात बसला. अंपायरनं परिपत्रक एकवीस पाठ केलेलं. त्यानं तत्काळ डेड बॉल दिला, दोन धावा मोजल्या. पुढच्याच चेंडूवर त्रिफळा. रन्मल एका धावेनं हरलं, आणि सोमवारी त्यांचा अर्ज आला: हे परिपत्रक ज्या सामन्यावरून निघालं, त्या दिवशी दिक्वेल्लला सामनाच झाला नव्हता. परिपत्रक रद्द करा, अंतिम सामना पुन्हा खेळवा आणि सल्लागार मुलीला घरी पाठवा.

ते काम माझं होतं. मी ते मिशांच्या नाकावर टिच्चून मिळवलं होतं.

सुनावणीच्या आदल्या संध्याकाळी तिवंक बसस्टँडवर माझी वाट बघत उभा होता. चेहरा उतरलेला.

“मी सगळं सांगणार आहे मिस. तो प्रश्न मी रचला. तुम्हाला काहीच ठाऊक नव्हतं, तुमचा काय दोष.”

“आणि तुमचं पहिलं पॅनेल?” या हंगामात तो पहिल्या पॅनेलवर, म्हणजे लीगच्या सर्वांत वरच्या दर्जाच्या अंपायरांत, जाणार होता. नऊ वर्षं तो त्याच एका गोष्टीसाठी उन्हात उभा राहिला होता.

“ते जाईल,” तो म्हणाला. मग माझ्याकडे बघून, अगदी हळू आवाजात, “तुम्हाला खरंच ठाऊक नव्हतं ना?”

बस आली. मी चढले. खिडकीतून पाहिलं, तर तो तिथेच उभा होता. त्या रात्री माझा त्याच्यावर राग नव्हता. स्वतःवर होता, आणि त्याच्यावर इतकं प्रेम होतं की त्या प्रेमाचाही राग येत होता.

सुनावणीला लीगचा हॉल भरला होता. रन्मलचे लोक एका बाजूला, अंपायर दुसऱ्या बाजूला. मधे अध्यक्ष एदिरिवीर सर, माजी मुख्याध्यापक, सत्तरीचे. मला हे काम त्यांनीच दिलं होतं. इतिवृत्त लिहायचं काम नेहमी माझ्याकडे असे, आणि हॉलमध्ये दुसऱ्या कुणाचं अक्षर वाचण्यासारखं नसल्यानं त्या दिवशीही वही माझ्यासमोरच आली.

तिवंकनं उभं राहून सांगून टाकलं. सामना झाला नव्हता. नारळ पडला नव्हता. तो बसस्टँडवरून बोलत होता.

“वर्षभरात तुम्ही किती फोन केलेत?” सरांनी विचारलं.

“सत्तावीस, सर.”

“त्यातले खरे किती?”

त्यानं मनातल्या मनात मोजले. “चार. मधमाश्या धरून.”

“मग बाकीचे तेवीस कशासाठी होते?”

तिवंकचे कान लाल झाले. “मिसचा आवाज ऐकायला, सर. दुसरं काही कारण शोधलं होतं, पण... इथे खोटं बोलायला उभा राहिलो नाही.”

मागच्या बाकावरून कुणीतरी शिट्टी वाजवली. सरांनी चष्म्यावरून तिकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “लिहा मिस,” ते म्हणाले.

मी लिहिलं. अक्षर वाकडं आलं. सरांनी शेजारच्या समिती-सदस्यांशी बोलून घेतलं आणि निर्णय सांगितला: अंतिम सामन्यातल्या अंपायरनं दिलेला निर्णय मूळ नियमालाच धरून होता, परिपत्रक नसतं तरी तेच द्यावं लागलं असतं, म्हणून निकाल कायम. हेट्टिगे यांना एक हंगाम बंदी, पॅनेलचा विचार नंतर. सल्लागारांनी प्रामाणिक समजुतीनं उत्तर दिलं, त्यांच्यावर ठपका नाही.

झालं. माझं काम वाचलं होतं. गप्प बसून पेन चालवत राहिले असते, तर शनिवारी पुन्हा त्याच खुर्चीत. समोर तिवंक मान खाली घालून बसला होता, आणि माझ्या वाटची शिक्षाही त्याच्याच पदरात पडली होती.

“सर, हे चुकीचं लिहिलं जातंय,” मी म्हणाले आणि उभी राहिले. “मला ठाऊक होतं. सामना रद्द झाल्याची नोंद साडेबाराला मीच केली होती. तीनला यांचा फोन आला तेव्हा मागे बसचा कंडक्टर ओरडत होता. तरी मी उत्तर दिलं, तरी नोंद केली.”

“का केलीत?” सर म्हणाले.

मी पेन उचललं, पुन्हा ठेवलं. सर म्हणाले, “बोलता येत नसेल तर इतिवृत्तात लिहा. नंतर ते वाचून दाखवा.”

मी लिहिलं. मग सरांनी नेमाप्रमाणे इतिवृत्त मोठ्यानं वाचायला सांगितलं आणि मी वाचलं: “सल्लागार इनोका वीरक्कोडी यांनी स्वतःहून निवेदन केले की, सदर प्रश्न बनावट असल्याची त्यांना पूर्ण कल्पना होती. तथापि फोन बंद होऊ नयेत अशी त्यांची इच्छा होती, कारण श्री. हेट्टिगे त्यांना मनापासून आवडतात.”

रन्मलचे लोकसुद्धा हसले. सुनेत्राअक्का दारात उभी राहून डोळ्यांना पदर लावत होती. एदिरिवीर सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

“सल्लागारांनाही एक हंगाम बंदी,” ते म्हणाले. “आणि मी विचारतो, एवढं होतं तर मातरमध्ये चहाची दुकानं बंद पडली होती का? जिल्ह्यातल्या दीडशे अंपायरांना परिपत्रक कशाला पाठवलंत?”

मी पेनाला टोपण लावलं.

“इतिवृत्त वाचलं गेलं,” सर सगळ्यांकडे बघत म्हणाले. “यातला मजकूर खरा आहे म्हणून मंजुरी कोण देतं?”

तिवंक उभा राहिला. डोळे भरलेले, चेहरा मात्र अंपायरचा, एकदम गंभीर. मंजुरीला हात वर करायचा असतो. नऊ वर्षांच्या सवयीनं त्यानं वर केलं ते बोट. उजव्या हाताचं, एकच, डोक्याच्या वर, सरळ.

अख्खा हॉल अंपायरांच्या हसण्यानं दणाणला. बाद झालेल्यानं पॅव्हेलियनकडे जायचं असतं. मी वही मिटली आणि त्याच्या बाकाकडे चालू लागले.